पंधरवड्यात राहिलेली सही

८ फेब्रुवारी २०२६

प्रिय यामिनी,

आधी एकेकाची खुशाली विचारतो, मग बाकीचं. तुझी मान कशी आहे? दिवसभर दोन-दोन स्क्रीनपुढे बसून आखडते म्हणाली होतीस. शरयूने ओव्याची पुरचुंडी करून शेकायला सांगितलं होतं, ते केलंस की हो-हो म्हणून सोडून दिलंस? शिवचं पित्त कसं आहे? तो अजून उपाशीपोटी कॉफी ढोसतो का? लहानपणी दुधाच्या घरात वाढून हा मुलगा दूध सोडून सगळं प्यायला. रुहीच्या कानाचं दुखणं थांबलं का, आणि पुढचा दात आला का? पडका दात दाखवत हसताना ती थेट माझ्या आईसारखी दिसते, हे मी कुणाला बोललो नाही, तुला म्हणून लिहितो. नागपूरला तुझ्या आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? त्यांना म्हणावं, जिने चढायची घाई करू नका. आणि तुमच्या सव्विसाव्या मजल्यावर वाऱ्यात उभा असलेला तो कढीपत्ता, तो जगला का?

इकडे शरयू ठणठणीत आहे. तिची साखर काबूत आहे, कारण तिची भीती साखरेलाही वाटते. चाळीस वर्षं नर्स होती, आता फक्त मी पेशंट उरलोय. माझ्याबद्दल पुढे लिहितो.

गोठ्यात सगळं बरं आहे. तुझी चारशे अठरा नंबर, म्हणजे मोहरील मॅडम, जानेवारीत ऐन कडाक्यात व्यायली. कालवड झाली. तुझ्या कॉलेजातल्या सगळ्या मास्तरणींची नावं तू गाईंना देऊन गेलीस, त्यातल्या तीनच आता उरल्यात. पण मोहरील मॅडमचा रुबाब कायम आहे. अजून चष्म्यावरून बघितल्यासारखी बघते आणि गव्हाणीत दुसरीने तोंड घातलं की शिंगं नसतानाही शिंगं उगारते. आपल्या गोठ्यातला रमोन तिला अजून 'मोरील' म्हणतो. परवा वासराला दूध पाजताना तो मला म्हणाला, 'बॉस, यामिनीला फोटो पाठव, ती विचारते.' मी म्हटलं, ती तुला विचारते? तर गडी लाजून दुसरीकडे बघायला लागला. साठीला आलेला माणूस, पण चोरी लपवता येत नाही त्याला.

ही चिठ्ठी लिहायला बसून आज तिसरा दिवस. मराठीत लिहितोय, कारण मला मनातलं इंग्रजीत येत नाही आणि शिवला मराठी वाचता येत नाही. त्याला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. काही भाग दाखवलास तरी चालेल, काही नाही दाखवलास तरी चालेल.

तुला आठवत असेल, २०१९चा सप्टेंबर. आठवत असेल कसलं, तू विसरली नसणार. त्या वर्षी सरकारने दुधाच्या मार्जिनचा विमा नव्याने आणला होता. तू तेव्हा ॲन आर्बरला संख्याशास्त्राचा अभ्यास करत होतीस, रोज पन्नास मिनिटं गाडी हाकत जात होतीस आणि संध्याकाळी येऊन माझ्याबरोबर धारेला उभी राहत होतीस. आठवड्याभरात तू सगळी माहिती काढलीस. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फॉर्म भरून ठेवलास. गाईंचं दूध, मागच्या वर्षांचं उत्पादन, सगळं बरोबर. नुसती माझी सही राहिली होती. मुदत शुक्रवारपर्यंत. आणि मी म्हणालो, पितृपक्ष चालू आहे, नवीन करार पंधरवड्यात करायचा नसतो; शनिवारी सर्वपित्री झाली की सोमवारी जाऊ.

शिव कसा ओरडला होता ते आठवतंय ना? 'डॅड, ही डेडलाइन आहे, मुहूर्त नाही!' शरयू भाजी चिरता चिरता म्हणाली, 'तुमच्या पितरांना विचारा, त्यांच्यातल्या कुणाला फॉर्म भरता येत असेल तर सोमवारी तेच जातील.' तू मात्र फॉर्म उचललास, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलास आणि फ्रिजवर ठेवलास. मला वाटलं होतं की तू भांडशील. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं, पोरी.

मी सोमवारी खरंच गेलो होतो. तुम्हाला कुणाला सांगितलं नाही. काउंटीच्या शेतकी ऑफिसातल्या बाईने फोल्डर बघितलं, तुझं अक्षर बघितलं आणि म्हणाली, एवढा सुरेख भरलेला फॉर्म मी या महिन्यात बघितला नाही, पण सर, मुदत शुक्रवारी संपली. मी गाडीत येऊन अर्धा तास बसलो.

आता खरं काय ते लिहितो. सहा वर्षं झाली, अजून शरयूलाही सांगितलेलं नाही. पितृपक्षाचं कारण खोटं होतं. तू लग्न होऊन येण्याच्या वर्षी नवा ट्रॅक्टर मी पंधरवड्यातच आणला होता, आणि तेव्हा पितर मला आठवले नव्हते. खरं असं की मला तो विमा समजला नव्हता.

मी दहावी नापास माणूस. शरयूला डेट्रॉइटच्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून तिच्या मागे या देशात आलो. घरी सांगलीकडे दोन म्हशी होत्या, त्यांच्या जोरावर इथे एका म्हाताऱ्याच्या गोठ्यात धारा काढायला लागलो. इंग्रजी वाचायला शिकलो ते पेंडेच्या पोत्यांवर. प्रथिने किती, स्निग्ध किती, ओलावा किती. मग शेतकऱ्यांची मासिकं. पुढे म्हाताऱ्याने गोठा विकायला काढला तेव्हा शरयूच्या पगारावर कर्ज मिळालं आणि हा गोठा आपला झाला. तीस वर्षं मी जे शिकलो ते एकट्याने, वाचून, चुकून. त्यामुळे माणसाला एक खोड लागते. आपल्याला कळत नाही हे कुणापुढे म्हणवत नाही. त्यात सुनेपुढे तर नाहीच.

मला वाटत होतं, हा दुधाच्या भावाचा विमा आहे. म्हणजे दूध स्वस्त झालं की पैसे. पण त्या वर्षी भाव तर चढत होता, आणि तू म्हणत होतीस की जानेवारीपासूनचे पैसे मिळतील! मी मनात म्हटलं, ही पोरगी हुशार आहे पण कुठेतरी घोळ घालतेय, आणि आपली सही अडकायची. विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू गव्हाणीपाशी उभ्या उभ्या समजावलं असतंस. पण मी पितरांना पुढे केलं. बिचारे माझे वडील. जन्मभर त्यांनी कधी कुणाची सही अडवली नाही, आणि गेल्यावर मी त्यांच्या नावावर हे खपवलं.

त्या वर्षीचे सात महिने तेव्हाच हिशेबात बसले होते, म्हणजे पैसे येणार हे सही करायच्या आधीच ठरलेलं होतं. वर पाच वर्षांसाठी एकदम बांधून घेतलं तर हप्त्यात पाव सूट होती. दोन्ही गेलं. शिव मला 'यू डोन्ट ट्रस्ट हर' म्हणाला तेव्हा मी त्याला दार दाखवलं, हे तुला माहीत आहे. डिसेंबरात तुम्ही जर्सी सिटीला गेलात. तो त्याच्या नोकरीमुळे गेला असं आम्ही सगळ्यांना सांगतो. तूही तसंच सांगतेस, म्हणून तुझे उपकार.

पुढच्या वसंतात करोना आला आणि दूध नाल्यात ओतायची वेळ आली. ते तुम्ही फोनवर ऐकलंत. मी काय सांगितलं नाही ते हे, की त्या वर्षीचाही विमा मी काढला नव्हता. तुम्ही निघालात तेव्हा पुढच्या वर्षाची मुदत चालूच होती. पण मी रुसून बसलो होतो. कुणावर रुसलो होतो ते विचारू नकोस, मलाच सांगता यायचं नाही. वीस कालवडी विकल्या आणि शरयूच्या पेन्शनीतून पेंड आणली. तिने एकदाही बोलून दाखवलं नाही. फक्त एक दिवस फ्रिजवरचं ते फोल्डर काढून माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि जेवायला वाढलं.

त्या हिवाळ्यात मी तुझा फॉर्म घेऊन बसलो. तू समासात पेन्सिलीने काय काय लिहिलं होतंस! 'बाबांना सांगायचं', असं तीन ठिकाणी. म्हणजे तू मला सांगणारच होतीस. मी वेळ दिली नाही. ते वाचत वाचत मला कळलं की हा विमा दुधाचा भाव विचारतच नाही. दुधाचे जे आले त्यातून गाईच्या पोटात गेलेलं वजा करायचं, मका, सोयापेंड आणि लसूणघास, आणि मग शंभर पौंड दुधामागे हातात उरलं किती, तेवढंच तो विचारतो. तेही माझ्या गोठ्यातलं नाही, साऱ्या देशाचं सरासरी. साडेनऊ डॉलरच्या खाली गेलं की फरक ते भरतात. हप्ता शंभर पौंडांमागे पंधरा सेंट. दूध महाग असूनही पेंड त्याहून महाग असेल तर माणूस बुडतोच की, हे तीस वर्षं मी स्वतःच्या गोठ्यात बघत होतो. नुसतं त्याला कागदावर काय म्हणतात ते माहीत नव्हतं.

मग मी सही केली. करोनामुळे आत घेत नव्हते, त्या बाईने गाडीच्या खिडकीतून कागद दिले. बोटं गारठलेली, सही वाकडी आली. तेव्हापासून दरवर्षी करतो. मध्ये एक वर्ष असं गेलं की दुधाला चांगला भाव, विम्यातून जवळजवळ काहीच नाही, आणि मी शरयूला म्हणालो, फुकट गेला हप्ता, यंदा नको. तर ती म्हणाली, 'ताप आला नाही म्हणून थर्मामीटर फेकता का?' तिचं ऐकलं म्हणून वाचलो. पुढचंच वर्ष २०२३. त्या उन्हाळ्यात दूध असं पडलं आणि चारा असा चढला की आमच्या रस्त्यावरचे दोन गोठे बंद झाले. आपला राहिला. दर महिन्याला बँकेत पैसे यायचे, आणि दर महिन्याला तुला फोन करावा असं वाटायचं. एकदा नंबर लावलाही. शिवने उचलला, मी हवामान विचारून ठेवून दिला.

आता माझ्याबद्दल. नोव्हेंबरात उजव्या खांद्याचं दुखणं वाढलं. डॉक्टर म्हणतात, झीज झाली आहे, चाळीस वर्षं हात वर करून धारेची यंत्रं लावली त्याचा हा प्रसाद. सकाळची धार आता रमोन आणि त्याचा मेव्हणा काढतात. मी उलट्या बादलीवर बसून सूचना देतो. दोघे सहन करतात. शरयूने तुम्हाला हे कळवायचं म्हटलं तर मीच अडवलं, तिच्यावर रागावू नकोस.

आणि जानेवारीत उत्तरेकडच्या मोठ्या डेअरीचा माणूस आला होता. तीन हजार गाईंची डेअरी आहे त्यांची. नव्वदच्या नव्वद गाई घ्यायला तयार आहे, जमीनही. सभ्य माणूस, भावही वाईट नाही. चहा प्यायला, शरयूच्या चकल्या खाल्ल्या, गोठा फिरून बघितला. मोहरील मॅडमच्या कानातला बिल्ला वाचून त्याने वहीत काहीतरी टिपलं तेव्हा मी पुढे होऊन तिची मान खाजवली. महिनाअखेरीस सांगतो म्हटलंय.

शिवला हे फोनवर अर्धवट सांगितलं. तो म्हणाला, 'विका ना डॅड, इथे या, रुहीजवळ राहा.' वाईट काही बोलला नाही तो. प्रेमानेच बोलला. मी पण त्याच्यावर प्रेम करतो हे त्याला सांग. माझ्याकडून ते कधी नीट निघत नाही.

गोठा विकला तरी आमचं भागेल, म्हणून यात भीक मागतोय असं समजू नकोस. शरयूचं पेन्शन आहे, कर्ज फिटलंय. तुझ्या दोन खोल्यांत आम्ही मावूही. तुमच्या त्या पाण्याखालून जाणाऱ्या गाडीत बसून मी मॅनहॅटन बघून येईन आणि रुहीला शाळेतून आणीन. ते आयुष्य काही वाईट नाही. मी त्याचाही विचार केलाय आणि तेही मला आवडतं. फक्त एक गोष्ट तुला विचारल्याशिवाय मला ठरवता येत नाही.

गेल्या रविवारी व्हिडिओवर तू भाजी फोडणीला टाकत होतीस आणि रुही फोन घेऊन घरभर फिरत होती. तिने मला तुझ्या टेबलासमोरची भिंत दाखवली. म्हणाली, 'आजोबा, दिस इज मॉम्स काऊ चार्ट. आधी ही हे बघते, मग तिचं ऑफिस.' मी बघितलं. दर महिन्याचं मार्जिन. २०२० पासून एकही महिना सोडलेला नाहीस. साडेनऊवर लाल रेघ. ऑफिसात तू मोठमोठ्या कंपन्यांच्या जोखमी मोजतेस, आणि घरी आल्यावर आपल्या नव्वद गाईंची. मी रुहीला म्हटलं, बाळ, पुढे चल, खिडकी दाखव.

म्हणून हे पत्र, यामिनी. यंदाच्या विम्याचा फॉर्म माझ्यासमोर आहे. मुदत सव्वीस तारखेपर्यंत. सगळं भरलंय, माझ्या हाताने, तुझ्यासारखं नीटनेटकं नाही पण बरोबर आहे. एकच जागा कोरी ठेवलीय. तिथे विचारलंय, एका वर्षासाठी की २०३१ पर्यंत, सहा वर्षांसाठी. सहा घेतली तर पुन्हा तीच पाव सूट आहे. ऑफिसातली बाई म्हणते, सहा वर्षं घ्या, गोठा बंद झाला तर करार आपोआप सुटतो. पण मनात नसलेल्या सहा वर्षांवर मला सही करायची नाही. मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. ती सहा वर्षं माझी नाहीत, असली तर तुझी आहेत. तुझं नाव भागीदार म्हणून घालायला काय लागतं तेही मी विचारून आलोय. नुसतं नाव नाही, ठरवायचा हक्कही तुझा. मी बादलीवर बसेन आणि तू विचारलंस तरच बोलेन. शिवचं काम कुठूनही होतं, रुहीसाठी शाळा इथून बसने दहा मिनिटांवर आहे, पण हे मी तुला पटवायला लिहीत नाही. ती भिंत तू गाईंसाठी रंगवलीस की नुसत्या सवयीने, हे तुझं तुलाच माहीत. 'नाही' म्हणालीस तर त्या डेअरीवाल्याला फोन करेन आणि उन्हाळ्यात आम्ही तुमच्याकडे येऊ, आणि खरंच सांगतो, मनात काही ठेवणार नाही. 'हो' म्हणालीस तरी आधी शिवशी बोल. त्या वर्षी मी तुला विचारलं नव्हतं, समजून घेतलं नव्हतं, आणि चूक कबूल करायला सहा वर्षं लावली. माफ कर, पोरी. मला एक वर्ष लिहायचं की सहा, एवढं सांग. फोन नको करू; फोनवर तुझ्या शेजारी शिव असतो, माझ्या शेजारी शरयू, आणि चौघांत खरं कुणी बोलत नाही. दोन ओळी चालतील, पण तुझ्या हाताने लिहिलेल्या, आणि लवकर. सव्वीस तारखेला दुपारी मी ऑफिसात जाणार आहे. तोवर रोज टपालपेटीपर्यंत चालत जातो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे.

रुहीला गोड पापा. शिवच्या पाठीवरून माझ्या वतीने हात फिरव.

तुझ्या पत्राची वाट बघणारा, तुझाच

बाबा
(जगन्नाथ)